फिशटँकमध्ये शेवाळ परत परत येतंय? या क्रमाने तपासा

काच घासली, पाणी बदललं, दोन दिवस टँक लखलखीत राहिला आणि पुढच्या रविवारी काचेवर पुन्हा तोच हिरवा थर. शेजारी, नातेवाईक, ओळखीच्या डॉक्टरांची वेटिंग रूम, सोसायटीचं ऑफिस अशा ठिकठिकाणचे टँक मी या एकाच तक्रारीसाठी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. मासे वेगळे, टँक वेगळा, पण कारणं फिरून फिरून तीच निघतात. शेवाळाला प्रकाश लागतो आणि खत लागतं. काच घासून यातलं काहीच कमी होत नाही, म्हणून ते परत येतं.

गोड्या पाण्याच्या घरगुती टँकसाठी मी ज्या क्रमाने तपासत जातो, तोच क्रम खाली दिला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. बहुतेक टँक तिथेच सुधारतात, म्हणून आधी दुकानात जाऊन शेवाळाच्या औषधाची बाटली आणू नका.

आधी लक्षणं बघा

सगळं शेवाळ सारखं नसतं आणि उपायही सारखे नसतात. काचेवर बोट फिरवा, एखादं पान चिमटीत धरून बघा.

तपकिरी, पिठासारखा थर, बोट लावताच पुसला जाणारा: हे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. टँक नवा असेल, एक-दोन महिन्यांचा, तर हे जवळपास ठरलेलंच आहे. नव्या वाळूतून आणि नळाच्या पाण्यातून आलेल्या सिलिकावर ते वाढतात आणि टँक मुरला की आपोआप ओसरतात. पुसत राहा आणि थांबा. यासाठी पुढचं काहीच करायची गरज नाही.

काचेवर हिरवी धूळ किंवा घट्ट हिरवे ठिपके: धूळ स्पंजने निघते, ठिपके ब्लेडशिवाय निघत नाहीत. प्रकाश जास्त झाल्याची ही नेहमीची खूण.

पाणीच हिरवं, मागची काच दिसेनाशी: हे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. इथे एक खात्री करून घ्या. काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. हिरवट दिसलं तर शेवाळ. दुधाळ, पांढरट दिसलं तर ते शेवाळ नाही, जिवाणूंची वाढ आहे. ती बहुधा नव्या टँकमध्ये किंवा खाणं जास्त पडल्यावर होते. तिथे दिवा बंद करून काही साधत नाही, खाणं कमी करायचं.

हिरवे धागे, केसांसारखे, काडीला गुंडाळले जाणारे: बहुतेक वेळा झाडं असलेल्या टँकमध्ये. प्रकाश भरपूर, पण झाडांची वाढ त्या मानाने मंद.

काळे किंवा करडे झुपके, पानांच्या कडांना आणि फिल्टरच्या तोंडाला ब्रशच्या केसांसारखे चिकटलेले: याला काळी दाढी म्हणतात. दिसायला काळी असली तरी ही जात लाल शेवाळाच्या कुळातली. एक झुपका स्पिरिटमध्ये टाकला की काही वेळात लालसर होतो, म्हणजे ओळख पक्की.

निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा, खड्यांवर आणि पानांवर चादरीसारखा पसरलेला: हा ओळखण्यात सगळ्यात जास्त गल्लत होते. नळीने ओढला तर तो अख्खा सोलून येतो, आणि त्याला कुबट, मातकट वास असतो. हे खरं शेवाळ नाहीच. ही सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. शेवाळ खाणारे मासे सहसा याला तोंड लावत नाहीत. याच्या काही जाती विषारी असतात, म्हणून हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

आणि माशांकडे बघा. पहाटे दिवा लावण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघड-मीट करत असतील तर शेवाळाचा विषय बाजूला ठेवून थेट शेवटच्या भागाकडे जा. ते आधी.

एक नियम

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवडे वाट बघा. मोबाइलवर टँकच्या त्याच कोपऱ्याचा दर रविवारी एक फोटो काढा. दिवा कमी केला, खाणं कमी केलं, औषध टाकलं, सगळं एकाच दिवशी, असं झालं की कशाने फरक पडला ते कळत नाही. मग दोन महिन्यांनी शेवाळ परतलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. शेवाळ आठवड्यात आलेलं नसतं, ते आठवड्यात जाणारही नाही.

पहिली तपासणी: ऊन

टँकवर थेट ऊन येतं का, हे दिवसातून तीन-चारदा जाऊन बघा. पडद्यातून येतं का, समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून येतं का, तेही बघा. दिवसातला अर्धा तास जरी थेट ऊन मिळत असलं तरी टँकच्या दिव्याच्या कितीतरी पट प्रकाश तिथे पोचतो.

ऋतू इथे फार महत्त्वाचा. "उन्हाळ्यात काही नव्हतं हो, दिवाळीनंतरच सुरू झालं" हे मी अनेक घरांत ऐकतो, आणि त्याला सरळ कारण आहे. मे महिन्यात पुण्या-मुंबईकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतपर्यंत येतं. मे महिन्यात निर्धोक वाटलेली जागा डिसेंबरात उन्हात येते. टँक ठेवताना हिवाळ्यातलं ऊन डोळ्यांसमोर आणा.

दुसरं नेहमीचं ठिकाण म्हणजे ईशान्य कोपरा. वास्तुशास्त्राप्रमाणे टँक ईशान्येला ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि पूर्वेची खिडकी शेजारी असली की सकाळचं कोवळं ऊन नेमकं टँकवर येतं. कोपरा बदलायचा नसेल तर बदलू नका. टँकच्या मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर किंवा जाड फोम शीट लावा. खर्च वीस-तीस रुपये. हिरव्या पाण्याची निम्मी प्रकरणं माझ्या बघण्यात इथेच संपतात.

टँक हलवायचाच असेल तर पाणी भरलेला ढकलू नका. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये दीडशे लिटरच्या वर पाणी मावतं. खडे आणि काच धरून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं. जोड तिथेच सुटतात.

दुसरी तपासणी: दिवा किती तास चालतो

घरातल्या कोणालाही विचारा, "दिवा संध्याकाळी लावतो" असं उत्तर येईल. पण सकाळी आजोबा लावतात, दुपारी मुलं शाळेतून आल्यावर लावतात, रात्री शोभेला निळा दिवा चालू राहतो. बेरीज केली की बारा-चौदा तास निघतात.

माशांना पाहण्यापुरता प्रकाश पुरतो. फक्त मासे असतील तर रोज चार-सहा तास पुष्कळ झाले. झाडं असतील तर सहा ते आठ. रात्री पूर्ण अंधार हवा, निळा दिवासुद्धा नको. माशांना पापण्या नसतात, त्यांची विश्रांती अंधारावरच अवलंबून असते.

इथे एकच खरेदी मी आग्रहाने करायला लावतो: प्लगमध्ये लावायचा साधा टायमर. काही शे रुपयांत मिळतो आणि वाद संपतात. वेळ अशी लावा की तुम्ही घरी असता तेव्हा दिवा चालू असेल, म्हणजे संध्याकाळी पाच ते अकरा वगैरे. पाहुणे आले म्हणून मधे एक दिवस जास्त चालला तर काही बिघडत नाही, रोजचं गणित बिघडता कामा नये.

स्वस्त एलईडी पट्ट्या कधी कधी नको इतक्या प्रखर असतात. तास कमी करूनही हिरवे ठिपके येतच राहिले तर दिवा टँकपासून चार-सहा इंच वर उचला. झाडांच्या टँकमध्ये हे ठिपके फॉस्फेट (झाडांना लागणारं एक खत) फार कमी पडल्यावरही येतात, पण त्याचा विचार प्रकाश ठीक केल्यावर करायचा.

तिसरी तपासणी: खाणं

टँकमध्ये बाहेरून येणाऱ्या खताचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे फिशफूडचा डबा. दाण्यांमधलं प्रथिन कुजलं की अमोनिया होतो. त्याचं पुढे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होतं, सोबत फॉस्फेटही सुटतं. माशाने खाल्लं तरी, न खाल्लेलं खाली पडलं तरी, शेवटी ते पाण्यातच उतरतं.

नियम साधा: एक-दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा. आठवड्यातून एक दिवस उपास. मोठ्या माशांना याने काहीही होत नाही. गोल्डफिश माणूस दिसला की पुढे येऊन तोंड हलवतो, तो भुकेचा पुरावा नव्हे, त्याला सवयच असते ती. लहान मुलांना खाणं घालायला आवडतं, तर सकाळी दिवसाचे दाणे एका छोट्या डबीत काढून ठेवा. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं.

गावाला जाताना हा प्रश्न मोठा होतो. गणपतीत आठ दिवस कोकणात जाऊन आलं की टँक हिरवागार, कारण शेजाऱ्यांनी मायेने मूठ-मूठ टाकलेलं असतं. निरोगी, वाढलेले मासे आठवडाभर खाण्याशिवाय सहज राहतात. पिल्लं असतील तर रोजच्या पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे ठोकळे मी कोणालाच सुचवत नाही. अर्धा ठोकळा पाण्यातच कुजतो.

चौथी तपासणी: पाणी आणि खडे

वारंवार येणाऱ्या शेवाळाचं सगळ्यात मोठं कारण मला इथे सापडतं, म्हणून हे जरा सविस्तर.

आपल्याकडे पद्धत अशी आहे: महिना-दोन महिने काहीच करायचं नाही. मग एका रविवारी मासे बादलीत काढायचे, टँक पूर्ण रिकामा करायचा, खडे साबणाने किंवा पावडरने खळखळून धुवायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि ताजं पाणी भरायचं. टँक त्या दिवशी सुंदर दिसतो. पण अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपयोगी जिवाणू त्या स्पंजमध्ये आणि त्या खड्यांवरच राहतात. क्लोरीनच्या पाण्याने आणि साबणाने ते मरतात. त्यांना पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात अमोनिया साठतो, मासे मलूल होतात आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. पुन्हा हिरवं झालं म्हणून पुन्हा सगळं धुतलं जातं, आणि चक्र कधी तुटतच नाही.

ते तोडायचं असेल तर दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. मासे आतच राहू द्या. जाड नळीचा सायफन खड्यांत खुपसा, वर उचला, पुन्हा खुपसा. पहिल्यांदा कराल तेव्हा खड्यांमधून तपकिरी धूर उठतो आणि त्यात फुगलेले, पांढरी बुरशी धरलेले जुने दाणे नळीतून वर येताना स्पष्ट दिसतात. तेच शेवाळाचं खत. एका दिवसात सगळा तळ साफ करू नका, एका आठवड्यात डावी बाजू, दुसऱ्या आठवड्यात उजवी. ते पाणी कुंडीत घाला, झाडं खूश होतात.

नवं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन घालवायलाच हवा. बादलीत उघडं चोवीस तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन टाका. पावसाळ्यात नळाला औषधाचा वास जास्त येतो, तेव्हा घाई करू नका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून बदल सकाळी करा. तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

काच घासायची ती पाणी बदलायच्या आधी, म्हणजे सुटलेलं शेवाळ नळीतून बाहेर जातं. काचेला ब्लेड चालतं, ॲक्रिलिकला चालत नाही, तिथे जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरा. ब्लेड आडवं धरा, कोपऱ्यातल्या सिलिकॉनला टेकवू नका. खाली पोचल्यावर थांबा. स्क्रेपर आणि काच यांच्यात वाळूचा एक कण अडकला तरी कायमचा ओरखडा उठतो.

पाचवी तपासणी: फिल्टर

फिल्टर चोवीस तास चालू हवा. "रात्री आवाज येतो म्हणून बंद करतो" असं असेल तर कारण सापडलं. पाणी फिरलं नाही की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. ज्या भागात लोडशेडिंग तासन् तास असतं तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा.

स्पंज महिन्यातून एकदा धुवा, पण टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा दाबून, बस. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच.

पाणी सगळीकडे फिरतं का, तेही बघा. खाण्याचा एक दाणा टाका आणि तो कुठे जाऊन थांबतो ते पाहा. जिथे घाण साठते आणि पाणी हलत नाही, निळसर पापुद्रा बहुधा तिथूनच सुरू होतो. फिल्टरचं तोंड थोडं वळवलं तरी पुष्कळदा काम होतं.

सहावी तपासणी: पाणी मुळात कसं आहे

वरचं सगळं महिना-दीड महिना नीट केलं आणि तरी फरक नाही, तर आता खर्च करायला हरकत नाही. थेंबांचा नायट्रेट आणि अमोनिया टेस्ट किट घ्या. पट्ट्यांपेक्षा थेंबांचा जास्त भरवशाचा. टँकचं पाणी तपासा आणि नळाचं किंवा बोअरचंही तपासा. नळाचं-बोअरचं पाणी कोणी तपासत नाही, आणि उत्तर तिथेच असतं.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टँकमध्ये मी ते २० च्या आत ठेवतो. म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेलं बोअरचं पाणीसुद्धा टँकसाठी खताचं पाणी असू शकतं. शेतीच्या पट्ट्यात, जिथे विहिरीच्या आसपास रासायनिक खत आणि शेणखत वर्षानुवर्षं पडतं आहे, तिथे हे हमखास तपासा. अशा घरी पाणी जितकं जास्त बदलाल तितकं शेवाळ वाढतं, आणि माणूस चक्रावून जातो.

किटच्या कागदावर एकक वाचा. काही किट नायट्रेट सांगतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन सांगतात. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणल्यावर पहिल्याशी जुळतो.

बोअरचं पाणी खताळ निघालं तर त्यात आरओचं शुद्ध पाणी अर्धं मिसळा. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि माशांना ते लागतात. आणि आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वायाचं पाणी टँकला अजिबात वापरू नका. पाणी वाचवायचा हेतू चांगला, पण मूळ पाण्यातलं सगळं नको असलेलं त्यात घट्ट होऊन उतरलेलं असतं. ते लादी पुसायला वापरा.

अमोनिया मात्र शून्यच हवा. शून्याच्या वर दिसला तर शेवाळ हे दुय्यम आहे.

सातवी तपासणी: गर्दी आणि झाडं

दोन फुटी टँकमध्ये सहा गोल्डफिश असतील तर वरचे सगळे उपाय अपुरे पडतील. गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो आणि मोठा होतो. निम्मे मासे कोणाला तरी द्या. तलावात किंवा नदीत सोडू नका.

याच्या उलट, वेगाने वाढणारी झाडं शेवाळाच्या तोंडचं खत काढून घेतात. हॉर्नवर्ट, वॅलिस्नेरिया, वॉटर स्प्राइट ही स्वस्त आणि चिवट. काहीच जमत नसेल तर मनी प्लांटची फांदी घ्या, पानं बाहेर आणि मुळं टँकमध्ये राहतील अशी अडकवा. नायट्रेट ओढून घ्यायला मला याहून सोपं काही सापडलेलं नाही. पाण्यावर तरंगणारी गोंडाळ प्रकाशही अडवते आणि खतही घेते, पण दर आठवड्याला निम्मी काढून टाका, आणि काढलेली कचऱ्यात टाका, ओढ्यात नाही. पवना आणि मुळा-मुठेवर जलपर्णीने काय होतं ते आपण दरवर्षी बघतो.

शेवाळ खाणाऱ्यांबद्दल. दुकानदार हमखास सकर मासा देतो, दोन इंचाचा. तो एक फुटाच्या वर वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळ कमी आणि दाणे जास्त खातो, आणि त्याच्या विष्ठेने उलट खत वाढतं. लोकांनी सोडून दिलेल्या याच माशाने भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडलं आहे. तो घेऊच नका. नेराइट गोगलगाय काचेसाठी सगळ्यात उत्तम, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत म्हणून टँक गोगलगायींनी भरत नाही. लहान ओटो मासे डायटम छान खातात, पण मुरलेल्या टँकमध्येच टिकतात. अमानो कोळंबी धाग्यांवर तुटून पडते, मात्र एंजलसारखे मोठे मासे तिलाच खातात. हे सगळे मदतनीस आहेत. प्रकाश आणि खाणं तसंच ठेवून नुसते हे सोडले तर काही होणार नाही.

आठवी तपासणी: कडक उपाय

इथपर्यंत येणारे टँक थोडे असतात.

हिरवं पाणी आणि निळसर पापुद्रा यांना तीन दिवसांचा पूर्ण अंधार. आधी जितका निघेल तितका पापुद्रा नळीने काढा, निम्मं पाणी बदला, मग टँक जाड चादरीने असा गुंडाळा की फटीतूनही उजेड जाणार नाही. तीन दिवस दिवा नाही, खाणं नाही, डोकावणं नाही. हवेचा पंप मात्र जोरात चालू हवा, कारण मरणारं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं. हे विसरल्यामुळे मासे जातात. चौथ्या दिवशी पुन्हा निम्मं पाणी बदला, मेलेलं शेवाळ बाहेर काढा. हिरवं पाणी तरीही परतलं तर यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील दिव्याजवळून पाणी फिरवणारा फिल्टर. तो महाग आहे, पण पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळावर खात्रीने चालतो. काचेला चिकटलेल्यावर चालत नाही, तेवढ्यासाठी घेऊ नका.

काळ्या दाढीवर हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, आणि परदेशी व्हिडिओंमधले डोस ३ टक्क्यांचे असतात. लेबल वाचा. ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी मिसळून ३ टक्क्यांचं करून घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला. फिल्टर बंद करा, सिरिंजने अगदी जवळून झुपक्यांवर हळूहळू सोडा, दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. १०० लिटरच्या टँकमध्ये एका दिवसात ३ टक्क्यांचं ३० मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. बुडबुडे येतात, काही दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी पडते. कोळंबी, मॉस आणि वॅलिस्नेरिया यांना हे सोसत नाही. हलवता येणारा दगड किंवा लाकूड असेल तर बाहेर काढूनच उपचार करा, धुवा, परत ठेवा.

तीन गोष्टी मी करत नाही आणि करू देत नाही. तांबं असलेलं शेवाळनाशक: कोळंबी आणि गोगलगायी मरतात. मेथिलीन ब्लू: शेवाळाचं ते औषधच नाही, फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. आणि निळसर पापुद्र्यावर माणसांची अँटिबायोटिक गोळी: ते पाणी शेवटी गटारात जातं, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू असेच तयार होतात.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा हलका करंट लागला: हात काढा, मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो येईपर्यंत टँकला कोणीही हात लावायचा नाही. एरवीसुद्धा पाणी बदलताना प्लग काढूनच काम करा, आणि वायर प्लगच्या खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं.

टँकचा जोड पाझरतोय, किंवा तीन फुटांपेक्षा मोठा टँक हलवायचा आहे: टँक बनवणाऱ्यालाच बोलवा. वरून सिलिकॉन फासून जोड धरत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलेला आहे आणि रेग्युलेटर फुसफुसतोय: व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, ज्याने बसवला त्याला फोन करा.

मासे पृष्ठभागावर धापा टाकत आहेत: लगेच हवेचा पंप लावा, क्लोरीन नसलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदला, खाणं बंद. काही तासांत सुधारणा नसेल, किंवा आठवडाभर रोज थोडं पाणी बदलूनही अमोनिया शून्यावर येत नसेल, किंवा रोज एखादा मासा मरत असेल, तर घरचे प्रयोग थांबवा. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. जवळपास कोणी माहीत नसेल तर मत्स्यशास्त्र शिकलेल्या माणसाचा शोध घ्या. रत्नागिरीला शिरगावात, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथून शिकून बाहेर पडलेली मंडळी राज्यभर आहेत.

कोणाकडेही जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पिण्याच्या पाण्याची स्वच्छ बाटली टँकच्याच पाण्याने दोनदा विसळून मग काठोकाठ भरा, दुसरी बाटली नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची घ्या, आणि दोन्ही त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहून न्या: टँकची लांबी-रुंदी-उंची, मासे कोणते आणि किती, दिवा किती तास, खाणं किती वेळा, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं, आजवर कोणतं औषध टाकलं. आणि ते रविवारचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.